लोंबत्या भाराखालीं जाऊं नये

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरांत एक लहानसा वाद झाला. माझ्या कैलासवासी वडील बंधूंचा बेडफर्ड ट्रक कित्येक वर्षें परसांत चिंचेखालीं उभा आहे. आमच्या अहमदनगरास (सन २०२४ पासून अहिल्यानगर) या गाडीविषयीं ममत्व असण्यास कारणही आहे. १ जून १९४८ रोजीं सरकारी परिवहनाची पहिली बस पुण्याहून नगरास आली, ती बेडफर्डच होती. लांकडी सांगाड्याच्या व काथ्याच्या गाद्यांच्या अशा ३० गाड्यांनीं त्या सेवेचा आरंभ झाला.

त्याच सुटींत मुलांनीं येथील रणगाडा-संग्रहालय पाहिलें. १९९४ सालीं उघडलेल्या या संग्रहालयांत रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे. ती पाहून पुतण्याच्या मुलानें मनांत घेतलें कीं, आपल्या आजोबांची गाडीही तशीच उजळावयाची. चालकाची केबिन सांगाड्यापासून सुटी करण्याचें ठरलें, कारण तिचा तळ गंजानें खाल्ला होता. "अण्णा आजोबा, चिंचेच्या फांदीला साखळीची कप्पी बांधतों, केबिन टांगतों आणि खालीं निजून तळ खरडतों," असें तो म्हणाला. मीं त्यास साफ मनाई केली.

माझा एक हुषार विद्यार्थी पुढें मोटारदुरुस्तीच्या धंद्यांत पडला. एके दिवशीं नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तो "पांच मिनिटांचें तर काम" म्हणून शिरला. जॅकमधील तेल नकळत झिरपत होतें. जीव वांचला, पण उजवा हात कायमचा अधू झाला. मी भेटावयास गेलों तेव्हां तो डाव्या हातानें सही गिरवीत होता. शाळेंत त्याचें अक्षर वर्गांत पहिलें असे. गुरुत्वमध्याचा धडाही मींच त्यास शिकविला होता. परंतु तो परीक्षेपुरताच, याची खंत मला अद्यापि आहे.

गवंड्याच्या 'ओळंबा' या शब्दाचें मूळ संस्कृत 'अवलंब' यांत आहे. त्याचे अर्थ दोन: लोंबणें आणि आधार घेणें. भाषेंत हे दोन्ही अर्थ सुखानें एकत्र नांदतात. कारखान्यांत मात्र त्यांची फारकत केलीच पाहिजे. कप्पी, दोर व जॅक हीं भार उचलण्याचीं साधनें होत, विसंबून राहण्याचीं नव्हेत. उचललेली वस्तु भक्कम आधारावर बसेपर्यंत तिच्याखालीं हातसुद्धां नेऊं नये.

आधार भक्कम कोणता, हेंही ओळंबाच सांगतो. वस्तूच्या गुरुत्वमध्यांतून सोडलेली उभी रेषा तिच्या पायाच्या आंत पडते तोंवर वस्तु स्थिर असते. बाहेर गेली कीं ती उलटते. पाया २ फूट रुंद व गुरुत्वमध्य ३ फूट उंच असेल, तर सुमारें १८ अंशांचा कल तिला पाडण्यास पुरतो. तोच पाया ४ फूट व उंची २ फूट केली, तर ४५ अंशांपर्यंत भय नाहीं.

म्हणून आम्हीं बेतच पालटला. तळाच्या कामासाठीं माणसानें खालीं निजण्याऐवजीं केबिनच पाठीवर निजवावी. मग तळ भिंतीसारखा समोर येतो आणि काम उभ्यानें, बाजूस राहून करतां येतें.

प्रथम बॅटरी, कांचा व बैठक काढली. तळ कुजल्यामुळें दारें काढतांच चौकटी वांकण्याचें भय होतें. म्हणून दारें नीट लागत असतांनाच आंतून लोखंडी अँगलचे आडवे-तिरपे आधार दिले, आणि मगच तीं उतरविलीं. आमची काळी माती पाऊस लागतांच दबते. याकरितां जागा काँक्रीटची निवडली. खालीं जुने टायर व लांकडाचे जाड ठोकळे मांडले. विटा कटाक्षानें टाळल्या, कारण त्या सूचना न देतां फुटतात. फांदीही वर्ज्य केली व पुरेशा क्षमतेची लोखंडी तिपाई आणविली. पट्टे पातळ छपरास न अडकवितां मजबूत खांबांस घातले.

चौघे कामास व हुकूम देणारा एकच, असा नियम केला. ज्या बाजूस केबिन कलेल तिकडे कोणी उभें राहावयाचें नाहीं आणि मुलांनीं ओटीवरूनच पाहावयाचें. केबिन निजल्यावर पाचरी ठोकल्या, दोन्ही अंगांस टेके दिले, आणि पट्टे ढिले करण्यापूर्वीं बाजूनें ढकलून पाहिली. कुजका पत्रा कापला कीं भार सरकतो; म्हणून प्रत्येक कापणीनंतर ही परीक्षा नव्यानें करावी लागते. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें, यास्तव तो ओला करूनच खरडला.

हुकूम देण्यास मीं त्या विद्यार्थ्यासच बोलाविलें होतें. आतां त्याचेही केस पिकले आहेत. सारें स्थिर झाल्यावर त्यानें डावा तळहात केबिनवर टेकून जोरानें रेटा दिला, आणि ती न हललेली पाहून तो मुलास म्हणाला, "आतां काम सुरू कर." मार्गशीर्ष संपेतों तळ नवा झाला. रोज कामास लागण्यापूर्वीं तो मुलगाही तसाच रेटा देऊन पाहत असे. त्यास सांगावें लागलें नाहीं.