शाळाप्रवेशाचा हक्क आणि वर्गातील जागा

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे १४ नोव्हेंबर १९६० रोजी रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय बालिका सरकारी संरक्षणात गोऱ्यांच्या शाळेत गेली, ही घटना सर्वश्रुत आहे. मुंबई इलाख्यात याच स्वरूपाचा प्रश्न एका बालकाने त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे उपस्थित केला होता. त्याला मात्र कोणाचेच संरक्षण नव्हते.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला. त्याने सरकारकडे दाद मागितली. त्याची बाजू तत्त्वतः न्याय्य असल्याचे मुंबई सरकारने मान्य केले. परंतु एकट्या मुलासाठी ही सक्ती केल्यास शाळा बहुजनांस निरुपयोगी होईल, असे कारण पुढे केले. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी खर्चाच्या शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचा निर्वाळा दिला. हंटर आयोगाने (१८८२) हे तत्त्व उचलून धरले, तरी त्याबरोबर स्वतंत्र शाळांचा मार्गही सुचविला.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. प्रवेश निराळा व सहवास निराळा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तथापि बसावयास कोपऱ्यातील गोणपाट मिळे आणि शिपायाने तोटी उघडली तरच पाणी. हजेरीपत्रकात यांपैकी काहीच उमटत नाही.

४ ऑगस्ट १९२३ च्या बोले ठरावात पाणवठे व शाळा यांचा एकत्र उल्लेख आहे, तो याच दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. १९३० च्या स्टार्ट समितीने या हक्कांच्या मार्गातील खरी अडचण दाखवून दिली : आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर राबत असल्याने हक्क बजावताच उपजीविका जाण्याचे भय असे. मुलाच्या पाटीची किंमत घराच्या भाकरीने मोजली जाई.

कर्जत व खालापूर तालुक्यांत संशोधन करणाऱ्यांनी हा धडा विसरू नये. येथील कातकरी कुटुंबे वीटभट्टी व कोळसाभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करतात. तेव्हा पटावर नाव राहते आणि मूल मात्र भट्टीवर असते. म्हणून केवळ पटसंख्या मोजून भागणार नाही. मूल कोठे बसले, पाणी कोठे प्यायले व शाळेतून केव्हा गेले, हे विचारल्याखेरीज शाळा सर्वांची झाली असे म्हणता येणार नाही.