नॉर्फोकचा हिरव्या डोळ्यांचा चतुर

इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यातली ‘ब्रॉड्स’ तळी नैसर्गिक वाटतात, पण ते मध्ययुगात जळणासाठी पीट खणून उरलेले, मग पाण्याने भरलेले खड्डे आहेत. इथला मानकरी म्हणजे नॉर्फोक हॉकर हा चतुर. तपकिरी अंग, हिरवेगार डोळे, पोटाच्या मुळाशी पिवळा त्रिकोण. मादी अंडी घालते ती बहुधा ‘वॉटर सोल्जर’ या पाणवनस्पतीत. हिची काटेरी काठांची पानं उन्हाळ्यात वर तरंगतात, थंडीत तळाशी जातात. चतुराची पिल्लं त्यांच्या आडोशाला दबा धरतात आणि भक्ष्य टप्प्यात येताच दुमडलेला खालचा ओठ झटकन पुढे फेकतात. ही वनस्पती वाढते त्या कुरणांमधल्या चरांत शेतातलं खत उतरलं, की तीच आधी हटते. इथून कीटक नाहीसा होणं नवं नाही: नॉर्फोकच्याच नावाची एक टाचणी, म्हणजे चतुराची नाजूक भाऊबंद, १९५०च्या दशकात इथून नाहीशी झाली.