श्युंग श्यांग-ह्वे
(१२ एप्रिल १९१९ – ९ सप्टेंबर २००५). चिनी साम्यवादी पक्षाचा युद्धकालीन हेर व पुढे चीनच्या जनता प्रजासत्ताकाचा मुत्सद्दी. मूळ नाव श्युंग ह्वे-छ्वान. जन्म शँटुंग प्रांतात एका सुशिक्षित कुटुंबात. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात शिकत असताना डिसेंबर १९३६ मध्ये तो गुप्तपणे साम्यवादी पक्षाचा सदस्य झाला.

चीन-जपान युद्धास १९३७ मध्ये तोंड लागल्यावर चौ एन-लायच्या आदेशावरून त्याने क्वोमिंतांगचा सेनापती हू त्सुंग-नान याच्या युवक सेवापथकात प्रवेश मिळविला. पटावर राखून ठेवलेल्या सोंगटीप्रमाणे त्याने स्वस्थ राहावे, योग्य वेळेची वाट पाहावी व स्वतःहून पक्षाशी संपर्क साधू नये, अशी त्याला सूचना होती. हूने त्याला लष्करी शिक्षण दिले आणि १९३९ पासून आपला अंगरक्षक-अधिकारी व गोपनीय पत्रव्यवहाराचा चिटणीस नेमले. हूचे सैन्य शीआन येथे राहून साम्यवाद्यांच्या येनान केंद्राची नाकेबंदी करीत होते. त्यामुळे या पदास असाधारण महत्त्व होते.

१९४३ च्या उन्हाळ्यात येनानवर अकस्मात हल्ला करण्याचा बेत श्युंगने वेळीच कळविला. जुलैमध्ये साम्यवादी सेनापती जू दे याने तारेने जाहीर निषेध नोंदविताच गुप्ततेचा फायदा नाहीसा झाला व हूने बेत रहित केला. मार्च १९४७ मधील मोहिमेची योजनाही श्युंगच्या हाती आली. परिणामतः १९ मार्च रोजी हूने येनान जिंकले, तेव्हा माओ त्से-तुंग व पक्षाचे नेते तेथून निघून गेले होते. हूच्या पुढील अपयशास लांबलेली रसदव्यवस्था व ग्रामीण जनतेचा विरोध हीही कारणे होती. तथापि शत्रूच्या हालचालींचे पूर्वज्ञान साम्यवाद्यांना निश्चितच उपकारक ठरले.

त्याच वर्षी तो उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. नंतर गुप्त बिनतारी केंद्र पकडले गेल्याने त्याचे खरे स्वरूप क्वोमिंतांगला कळले. पण त्याची फारशी वाच्यता झाली नाही. म्हणूनच नोव्हेंबर १९४९ मध्ये चौ एन-लायने त्याची खरी ओळख करून दिली, तेव्हा क्वोमिंतांगचे माजी नेते चकित झाले. श्युंग, शन ज्यान व छन चुंग-चिंग या हूच्या गोटातील तिघांना ‘उत्तरकालीन तीन वीर’ म्हणतात. यांपैकी शन ज्यान पुढे भारतात चीनचा राजदूत होता.

परराष्ट्र खात्यात श्युंगने १९५४ च्या जिनीव्हा परिषदेत काम केले आणि १९६२ पासून काही वर्षे लंडनमध्ये प्रभारी दूत म्हणून कारभार पाहिला. १९६९ मध्ये छन यी, ये ज्यान-यिंग, शू श्यांग-छ्येन व न्ये रुंग-जन या चार मार्शलांनी आंतरराष्ट्रीय परिस्थितीचा अभ्यास केला, त्यात तो साहाय्यक होता. अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्यातील वैराचा उपयोग करून घेण्याच्या त्यांच्या विचाराने चीन-अमेरिका समेटाची वाट मोकळी केली. जुलै १९७१ मध्ये हेन्री किसिंजरच्या गुप्त बीजिंग-भेटीतील वाटाघाटींत श्युंग चौ एन-लायचा साहाय्यक होता. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत गेलेल्या पहिल्या चिनी शिष्टमंडळातही त्याचा समावेश होता. नंतर तो मेक्सिकोतील पहिला चिनी राजदूत झाला.

त्याच्या हेरगिरीचा तपशील मुख्यत्वे त्याच्याच आठवणींतून ज्ञात होतो. त्यामुळे त्याचे मूल्यमापन सावधपणेच करावे लागते. ज्याने विश्वासाने वाढविले, त्याच सेनापतीची गुपिते पक्षनिष्ठेपोटी शत्रूस देणारा हा पुरुष यादवी युद्धातील निष्ठांच्या संघर्षाचे ठळक उदाहरण होय. तो बीजिंग येथे मरण पावला.