साखर पांढरी दिसली पाहिजे

दिवाळीच्या सुमारास सुरतजवळच्या चलथाणला सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू होतं. डांगातून, खानदेशातून ऊसतोडीला माणसं येतात, रस्त्यावर उसाच्या गाड्या लागतात. ज्याला कॅमेऱ्याचं एक्स्पोजर समजून घ्यायचं आहे, त्याने या दिवसांत इथे एक चक्कर मारावी. पांढरीशुभ्र साखर, हमरस्त्यावरची पळती वाहनं आणि रात्रीचे दिवे, तिन्ही हाताशी आहेत.

आधी साखर. तिच्या ढिगाचा फोटो कुठल्याही ऑटोमॅटिक मोडवर काढा, ती बहुधा मळकट दिसेल. कॅमेऱ्यातलं मीटर वस्तूवरून परतलेला उजेड मोजतं, पण वस्तू मुळात पांढरी की काळी हे त्याला ठाऊक नसतं. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचं असावं, असं धरून ते चालतं. म्हणून साखर मळते आणि काळी म्हैस राखाडी होते. आजची मीटरं बरीच हुशार झाली आहेत, तरी पांढऱ्याने भरलेल्या चौकटीपुढे अजून फसतात.

नवशिके इथे मोड बदलतात. पी वरून ए वर, ए वरून एस वर. फोटो तेवढाच काळवंडलेला येतो, कारण मीटर तेच आणि त्याचा समजही तोच. ए मध्ये (कॅननवर एव्ही) अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा जुळवतो. एस मध्ये (कॅननवर टीव्ही) उलट. पी मध्ये दोन्ही कॅमेरा ठरवतो. एफ ८ ला १/१२५ सेकंद बसत असेल, तर एफ ५.६ केल्यावर तो १/२५० करतो. आत येणारा उजेड तेवढाच राहतो. मागचं दृश्य धूसर झालं, फोटो उजळ झाला नाही. उजळ हवा असेल तर अधिक-उणेचं बटण, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. साखरेला अधिक एक, कधी दीडही. म्हशीला उणे एक. माझ्या मते मोडच्या चकतीपेक्षा हे बटण महत्त्वाचं आहे, आणि क्लासात ते सगळ्यात शेवटी शिकवतात.

हमरस्त्यावरचा ट्रक गोठवायचा तर एस वर १/१०००. दुपारी ठीक. सांज झाली की लेन्सचं तोंड पूर्ण उघडूनही उजेड पुरत नाही. अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकतो किंवा पडद्यावर 'लो' येतं, तरी कॅमेरा फोटो काढतोच, काळा. तेव्हा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवावा.

कॅमेऱ्याने आपोआप जुळवून घेण्याचं हे सारं फार जुनं नाही. आपोआप एक्स्पोजर ठरवणारा पहिला कॅमेरा, कोडॅकचा सुपर सिक्स-२०, १९३८ साली आला. पी, ए, एस, एम हे चारही मोड एकत्र देणारा कॅननचा ए-१ आला १९७८ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या, गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रित केली. दिवसामागून दिवस बदलत्या उजेडात, आणि कॅमेऱ्यात मीटर नाही. त्यांच्याकडे एकच मोड होता, एम, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं.

आजच्या एम मध्ये मात्र एक मेख आहे. आयएसओ ऑटोवर राहिला, तर शटर आणि अ‍ॅपर्चर तुमचं असूनही उजेडाचा निर्णय मीटरच घेतं. फटाक्यांना हे चालत नाही. तिपाई, आयएसओ १००, एफ ८ ते ११, शटर दोन ते चार सेकंद, आणि सगळं हाताने. ट्यूबलाइटखाली घरच्यांचे फोटो काढताना शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. १/५०० वर एक फोटो उजळ, पुढचा पिवळट काळा, असं व्हायचं.

या दिवाळीत चकती ए वर ठेवा आणि कॅमेऱ्यावर अधिक-उणेचं बटण कुठे आहे ते आधी शोधा. पांढऱ्या रांगोळीला अधिक एक देऊन पाहा. काम झालं की ते शून्यावर आणा. बरेच कॅमेरे बंद केल्यावरही तो आकडा धरून ठेवतात, आणि मग भाऊबीजेचे सगळे फोटो भगभगीत येतात.