बंदूक ठाण्यात, पीक रानात

१६ मार्च २०२४ला लोकसभा निवडणुकीची घोषणा झाली. आमच्या रावेर मतदारसंघात मतदान झाले १३ मेला आणि मतमोजणी ४ जूनला. निवडणुकीसाठी जमा करून घेतलेले हत्यार निकालानंतर आठवड्याने परत मिळते. म्हणजे ज्या शेतकऱ्याला मार्चमध्ये नोटीस आली, त्याची बंदूक जवळपास तीन महिने पोलिस ठाण्यात पडून. पुढे १५ ऑक्टोबरला विधानसभेची घोषणा झाली, २३ नोव्हेंबरला निकाल लागला आणि तीच फेरी पुन्हा झाली. पहिल्या खेपेला रानात केळी आणि उन्हाळी मका उभा होता, दुसऱ्या खेपेला दादर आणि हरभऱ्याची पेरणी चालली होती. यावल तालुक्यात उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले की सातपुडा दिसतो. त्याच्या कुशीत अभयारण्य आहे आणि रात्री तिथून रानडुकरांचे कळप खाली उतरतात. अशा ठिकाणी ‘शस्त्र जमा करा’ या तीन शब्दांचा अर्थ मुंबई-पुण्यापेक्षा वेगळा लागतो.

आपल्याकडे दोन प्रकारच्या बंद्या येतात आणि बोलताना लोक त्यांची गल्लत करतात. पहिली सणासुदीची. महाराष्ट्र पोलिस अधिनियम १९५१च्या कलम ३७ (१) आणि (३) खाली जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. गणपती, ईद, मोर्चे, आंदोलने, काहीही निमित्त असो, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ती बातमी येतेच. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या घेऊन सार्वजनिक जागी फिरायचे नाही, दगड जमा करायचे नाहीत. शासनाच्या मंजुरीशिवाय हा आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. यात बंदूक घरातच राहते, ती घेऊन बाहेर पडता येत नाही एवढेच. या बंदीबद्दल परवानाधारकांची फारशी तक्रार मी ऐकलेली नाही. मिरवणुकीत बंदूक कशाला हवी, हे त्यांनाही पटते.

दुसरी बंदी निवडणुकीची. तिच्यात बंदूक घरातून उचलून ठाण्यात नेऊन द्यावी लागते. राग आहे तो हिच्यावर.

आमच्या भागात बंदूक असते तरी कुणाकडे? यावल, फैजपूर, भालोद, किनगाव, डोंगरकठोरा या पट्ट्यात पाहिले तर साधारण चार प्रकारची माणसे भेटतील. एक, जुन्या घरातला वारसा सांभाळणारे, ज्यांच्या माळ्यावर आजोबांची बारा बोअरची दुनळी आहे. दोन, केळीचे व्यापारी, पेट्रोलपंपवाले, रोकड घेऊन फिरणारे. यांच्याकडे कानपूरच्या कारखान्यातले .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. तीन, निवृत्त फौजी, बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभे राहणारे. ती बंदूक म्हणजे त्यांची नोकरीच. आणि चौथे, शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी. १९५९च्या शस्त्र अधिनियमातले कलम १३ या चौथ्या माणसाचा वेगळा विचार करते. पिकाच्या राखणीसाठी खरी गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा आणि ती पुरणार नाही असे दिसले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते. कायदा करणाऱ्यांना ठासणीची बंदूक आणि कमरेचे पिस्तूल यांतला फरक १९५९मध्येच कळत होता. नोटीस काढताना तो विसरला जातो.

शेतकऱ्याची बंदूक डुक्कर मारायला असते, हा समजही खरा नाही. रानडुकराला वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कवच आहे. त्याला मारायचे तर वनखात्याची परवानगी लागते. राखणदार बहुतेक वेळा बार हवेत काढतो. त्या आवाजाने कळप पांगतो आणि रात्र निभावते. बंदूक ठाण्यात गेली की उरतात ती फटाके, डबे बडवणे, आणि काही ठिकाणी कुंपणात सोडलेली वीज, जी जनावराइतकीच माणसाच्या जिवावर उठते. केळीचा गड्डा डुकराने उकरला तर ते झाड गेलेच. मक्याचे शेत एका रात्रीत लोळवले जाते. कोकणातही हेच दुखणे आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे शेतीसंरक्षणाच्या बंदुका पुष्कळ आहेत आणि दर निवडणुकीला तिथून सूट द्या म्हणून मागणी होते.

खरे तर सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करा, असे निवडणूक आयोग म्हणतच नाही. मुंबई उच्च न्यायालयात गोविंद ऊर्फ भाई गणेश तिळवे यांचे प्रकरण गेले. त्या निकालाचा विचार करून आयोगाने २००९मध्ये सविस्तर सूचना काढल्या. प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती असावी, तिच्यात जिल्हादंडाधिकारी आणि पोलिस अधीक्षक असावेत. समितीने परवानाधारकांची यादी घेऊन एकेकाचा विचार करावा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीतल्या दंगलीत सापडलेले, अशांना प्राधान्याने नोटीस द्यावी. जमा झालेल्या शस्त्राची पावती द्यावी. ज्या समाजांना परंपरेने शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे त्यांना, बँकांच्या सुरक्षारक्षकांना आणि स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांना यातून वगळण्याची तरतूद आहे. मार्च २०२४मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही हेच बजावले की सर्वांना एकाच फटक्यात शस्त्र जमा करायला लावता येणार नाही, कारण लेखी हवे.

कागद इतका स्वच्छ असताना तक्रार उरते कुठे? ती उरते ठाण्याच्या दारात. निवडणूक तोंडावर आलेली असते, मनुष्यबळ कमी असते, आणि एकेकाचा विचार करत बसण्यापेक्षा सगळ्यांना फोन करणे सोपे पडते. परवानाधारकही वाद घालत नाही. कारण पाच वर्षांनी नूतनीकरणाला त्याच दारात जायचे असते. हा धाक फार खोल आहे. ज्याने आयुष्यात कधी भांडण केले नाही, तो सांगावा आल्याच्या दुसऱ्या दिवशी बंदूक कापडात गुंडाळून हजर होतो. त्याला सलते ते वेगळेच. गावात ज्याच्याकडे चोरटा कट्टा आहे, त्याला फोन जात नाही. त्याचे नाव कुठल्या रजिस्टरात नाही.

आणि कट्टा आमच्याकडे दुर्मीळ नाही. चोपडा तालुक्याला लागून, सीमेपलीकडे मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे. गावठी पिस्तुलांसाठी हे नाव महाराष्ट्रभरच्या पोलिसांना पाठ आहे. जळगाव, धुळे, पुणे, कुठेही कट्टा सापडला की तपासाचा धागा वारंवार तिकडे जातो. नोव्हेंबर २०२५मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन धाड घातली आणि भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. शस्त्र अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली आहे. तरीही दोन राज्यांच्या सीमेवरचा हा धंदा मोडायला दोन्हीकडच्या पोलिसांनी एकत्र आणि सतत काम करावे लागेल. पिढ्यान्‌पिढ्या लोहारकाम करणाऱ्या त्या हातांना दुसरा रोजगारही द्यावा लागेल. एका धाडीने ते होत नाही.

इथे परवानाधारकांची बाजू मी मनापासून मांडतो आहे, पण ती पूर्ण निर्दोष नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये उल्हासनगरच्या पोलिस ठाण्याच्या आतच एका आमदाराने गोळीबार केल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. तिथे वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे असल्याचे तपासात पुढे आले. मग आले बीड. डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यावर त्या जिल्ह्यातले परवाने मोजले गेले, तर ते बाराशेच्या वर निघाले. हवेत गोळ्या झाडतानाची चित्रफीत, कमरेला पिस्तूल लावून काढलेले फोटो, हे सगळे लोकांसमोर आले. प्रशासनाने २०२५च्या सुरुवातीपासून शंभराहून अधिक परवान्यांवर कारवाई केली. बीडमध्ये परवाना पिकासाठी किंवा जिवासाठी घेतला जात होता की रुबाबासाठी, हा प्रश्न तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने विचारला. तो योग्यच होता. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्याचा परवाना जायलाच हवा. २०१९पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडही आहे.

२०१९च्या त्या दुरुस्तीची हकीकत सांगण्यासारखी आहे. बंदूकमालक एकत्र आले तर काय होते, हे तिच्यात दिसते. आधी एका परवान्यावर तीन शस्त्रे चालत. सरकारने विधेयक आणले की एकच ठेवावे. नेमबाज, वारसाहक्काने बंदुका मिळालेली घराणी, पंजाबातले राज्यकर्ते, सगळीकडून विरोध झाला. आजोबांची दुनळी मोडीत द्यायची का, हा प्रश्न खानदेशातल्या वाड्यांतही विचारला गेला. संसदेत आकडा एकाचा दोन झाला, नेमबाजांना वेगळी सूट राहिली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. तिसरे शस्त्र असणाऱ्यांना ते जमा करायला वर्षभराची मुदत मिळाली. विरोध झाला, तोडगा निघाला आणि तो पाळला गेला.

अमेरिकेत हे असे घडत नाही. शिकागोजवळच्या मॉर्टन ग्रोव्ह या छोट्या गावाने १९८१मध्ये हँडगनवर बंदी घातली. त्याला उत्तर म्हणून जॉर्जिया राज्यातल्या केनेसॉ गावाने १९८२मध्ये प्रत्येक कुटुंबप्रमुखाने बंदूक बाळगलीच पाहिजे, असा ठराव केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये वॉशिंग्टनची आणि २०१०मध्ये शिकागोची बंदी पाच विरुद्ध चार मतांनी मोडली, कारण तिथे बंदूक हा घटनेतला हक्क आहे. ब्रिटनमध्ये उलटे झाले. १९९६मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेनमधल्या शाळेत १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. पुढच्याच वर्षी खासगी हँडगनवर बंदी आली. मालकांनी भरपाई घेऊन लाखाहून अधिक हँडगन जमा केल्या आणि पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले.

आपली वाट या दोन्हींहून निराळी आहे आणि तिचा इतिहास कडू आहे. १८५७च्या उठावात सातपुड्यात खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्यामागे भिल्ल उभे राहिले. त्यानंतर इंग्रजांनी देशभर निःशस्त्रीकरणाचे कायदे केले आणि १८७८मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. त्यात हिंदी माणसाला परवाना आणि युरोपियनाला सूट होती. काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनातच त्यावर ठराव केला. १९३०मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या ११ मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने ही एक होती, हे आज अनेकांना आश्चर्याचे वाटेल. १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला. डिसेंबर १९३६मध्ये हीच काँग्रेस आमच्या तालुक्यात, फैजपूरला, ग्रामीण भागातले आपले पहिले अधिवेशन भरवायला आली होती. पण स्वराज्य आल्यावर घटना समितीत ह. वि. कामत यांनी शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा म्हटले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो नाकारला. असा हक्क सरसकट दिला तर ज्यांच्या हाती शस्त्र जाऊ नये तेही तो मागतील, हा त्यांचा मुद्दा होता. बीड पाहिल्यावर तो मुद्दा किती दूरचे पाहणारा होता, हे कळते.

म्हणून आपल्याकडे बंदूक ही परवानगी आहे आणि ती तशीच राहावी. आमच्याकडचे बहुतेक परवानाधारकही हे मान्य करतात. अमेरिकेतल्यासारखे हक्काचे बोलणे मी यावलमध्ये ऐकलेले नाही. ते मागतात ते साधे आहे. आम्हाला नोटीस देताना कारण द्या. आमची बंदूक ओलीत, गंज चढेल अशी ठेवू नका. निकालानंतर आठवडा म्हणजे आठवडाच, चकरा मारायला लावू नका. आणि ज्याच्यावर आयुष्यात एकही गुन्हा नाही, ज्याचे रान डोंगराला लागून आहे, त्याची ठासणीची बंदूक पीक उभे असताना नेऊ नका. यातले एकही मागणे कायद्याच्या बाहेरचे नाही. तिसऱ्या मागण्यातला आठवडा तर आयोगाने स्वतःच घातलेली मुदत आहे.

जिल्हा प्रशासनाला एवढीच विनंती आहे की पुढची निवडणूक जाहीर होण्याआधी, घाई नसताना, शेतीसंरक्षणाचे परवाने वेगळे काढावेत. सातपुड्याच्या पायथ्याची गावे त्यात आधी घ्यावीत आणि छाननी समितीसमोर ती यादी ठेवावी. आणि परवानाधारकांनो, नोटीस आली तर हत्यार नक्की जमा करा, पण कारण लेखी मागा. पावतीवर बोअर, क्रमांक आणि काडतुसांची संख्या तपासून घ्या. परवानाच निलंबित किंवा रद्द झाला तर नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते, हेही लक्षात ठेवा.