शर्यत, होडी आणि मामाचं जाळं

मी मालवणची आहे असं म्हटलं की हॉस्टेलमधल्या मुली दोनच प्रश्न विचारतात. काजू आणलेस का? आणि स्कूबा डायव्हिंगला डिस्काउंट मिळेल का? मागच्या सेमिस्टरला मात्र शेजारच्या रूममधलीने तिसराच प्रश्न काढला. ती मोबाईलवर नौदलाच्या शिडाच्या बोटींचा व्हिडिओ बघत होती. म्हणाली, "तुमची तर घरची होडी आहे. असल्या शर्यती तू एकदम जवळून बघत असशील ना?"

उत्तर होतं, "नाही." पण का नाही, हे सांगता सांगता मेसमधली भाजी गार झाली, तरी तिला पटलं नाही. म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाबद्दल संपादकांनी माफ करावं!)

गोष्ट नोव्हेंबर 2022 ची. नौदलाने कोची ते गोवा अशी समुद्री शर्यत घेतली होती. तीत 'म्हादेई' आणि 'तारिणी' या दोन 56 फुटी बोटी होत्या, आणि काही 40 फुटी. म्हादेई म्हणजे तीच, जिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तारिणीतून सहा महिला अधिकाऱ्यांनी 2017-18 मध्ये तशीच फेरी मारली. दोन्ही बोटी गोव्यात बांधलेल्या. मी तेव्हा सतरा वर्षांची. बातमी वाचली आणि थेट मामाकडे गेले. मामाची होडी फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन. म्हटलं, "मामा, चल, गोव्याला जाऊन शेवट बघूया!"

मामाने जाळं विणायचं थांबवलं नाही. म्हणाला, "बघूक जाऊचा हा? मगे आधी सांग, वारो खयसून येता?"

मला सांगता आलं नाही. विषय तिथेच संपला. मालवणहून आग्वाद समुद्रातून सत्तरेक किलोमीटर, हे तर नंतर नकाशावर कळलं. आज इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर वाटतं, मामाने एका प्रश्नात अख्खा सिलॅबस सांगितला होता.

आधी दिसण्याचं गणित. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजापर्यंतचं अंतर (किलोमीटरमध्ये) साधारण 3.57 गुणिले डोळ्यांच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ एवढं असतं. होडीत बसल्यावर माझे डोळे पाण्यापासून एक मीटर वर. म्हणजे माझं क्षितिज फक्त साडेतीन किलोमीटरवर! समोरच्या बोटीची डोलकाठी 16 मीटर उंच धरली तर तिचे 14.3 किलोमीटर मिळवायचे. म्हणजे अठरा किलोमीटरवरून डोलकाठीचं फक्त टोक दिसू शकेल, तेही हवा स्वच्छ असेल तर. बोटीचं अंग एक मीटर उंच धरलं तर ते सात किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसणार.

आता हेच किनाऱ्यावरच्या 25 मीटर उंच टेकडीवरून करून बघा. डोलकाठीचं टोक 32 किलोमीटरवरून दिसायला हरकत नाही. म्हणजे घरची होडी असण्यापेक्षा घरची दुर्बीण असलेली बरी! 4 डिसेंबर 2023 ला तारकर्लीला नौदल दिन झाला तेव्हा मी जहाजं वाळूवरूनच बघितली, आणि काहीही कमी दिसलं नाही.

दुसरं, बोटी आमच्याकडून इतक्या जवळून का जातात? नकाशावर गेटवे ऑफ इंडियापासून आग्वादपर्यंत पट्टी ठेवून सरळ रेघ मारा. मालवणपाशी ती रेघ चक्क जमिनीवरून जाते! म्हणजे मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या शिडाच्या बोटीला आमच्या बाजूला बाहेरून वळसा घालावाच लागतो. उगाच जास्त लांब गेलं तर वेळ जातो, म्हणून ती फार लांबही जात नाही. पण त्याच पट्ट्यात मालवणचे खडक, वेंगुर्ल्यासमोरची दीपगृहाची बेटं, आणि मामासारख्या लोकांची जाळी. सगळी गर्दी एकाच जागी, आपल्या मेससारखी.

तिसरं, शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही. तिला वाऱ्याशी सुमारे 45 अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं. हिवाळ्यात आमच्याकडे पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा जोर धरतो. दुपारी उत्तरेकडे निघालेली बोट आपल्यापासून लांब जातेय असं वाटतं, आणि दहा मिनिटांत वळून आपल्याच अंगावर येते. वारा कुठून हे माहीत नसेल तर ती पुढे कुठे वळेल हे सांगता येत नाही. मामाचा प्रश्न आता कळला?

मग होडी उभी कुठे करायची? पुढे केली तर आपण आडवे आलो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला केली तर आपल्या इंजिनाच्या लाटा आणि अडवलेला वारा दोन्ही तिच्यावर जाणार. वारा पडलेला असताना दोन लाटांनीही तिचा वेग मोडतो. खालच्या अंगाला केली तर तिचं मोठं शीड त्याच बाजूला झुकलेलं असतं, त्यामागे आपण त्यांना दिसतच नाही. उरली एकच जागा. मागे, आणि लांब. म्हणजे आयुष्यातली पहिली शर्यत बघायची ती पाठमोरीच!

आता सगळ्यात महत्त्वाचं. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, 1972 मध्ये ठरलेले. त्यांत असं आहे की इंजिनाच्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यायची. पण जी बोट प्रत्यक्ष मासेमारी करतेय, जाळ्यामुळे जिला पटकन वळता येत नाही, तिला शिडाच्या बोटीने वाट द्यायची. होडी तीच, इंजिन तेच, मामा तोच. जाळं पाण्यात असेल तर शर्यतीने बाजूला व्हायचं, जाळं होडीत असेल तर आपण. मी हा नियम मामाला मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. तो म्हणाला, "ह्या म्हायत हा. जाळां पाण्यात आसा तवसर वाट तुझी. जाळां होडयेत घेतलंस की तू पावणी."

हे तो हसत म्हणाला नाही. काही वर्षांपूर्वी रात्री त्याच्या जाळ्यावरून कुठलीतरी बोट गेली होती. कोणाची ते कळलंच नाही. शिडाच्या बोटीच्या पोटाखाली दीड-दोन मीटर खोल कील असते, ती जाळ्यात अडकली की दोघांचंही नुकसान. सकाळी अर्धं जाळं नव्हतं. मामाच्या एका जाळ्याच्या पैशांत माझी दोन सेमिस्टरची मेस भागते. तेव्हापासून तो जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या बावट्यांना बॅटरीचा दिवा बांधतो. म्हणूनच आपण 'वॉव, रेस!' म्हणतो तेव्हा मामाला आधी त्याचं जाळं आठवतं.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. त्याच नोव्हेंबर 2022 मध्ये गोल्डन ग्लोब ही एकट्याने जग फिरण्याची शर्यत चालू होती. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात फिनलंडच्या तापिओ लेहतिनेनची बोट काही मिनिटांत बुडाली. तो तराफ्यावर होता. शर्यतीतलीच कर्स्टन नॉयशेफर आपली वाट सोडून त्याच्याकडे गेली, त्याला उचललं, आणि मग 'दर्या गायत्री' नावाच्या मालवाहू जहाजावर सोडलं. नंतर तीच शर्यत जिंकली, आणि आपले अभिलाष टॉमी दुसरे आले. त्याआधीच्या 2018 च्या शर्यतीत टॉमी स्वतः पाठीला मार लागून अडकले होते, तेव्हा फ्रान्सच्या मासेमारीवर गस्त घालणाऱ्या 'ओसिरिस' बोटीने त्यांना बाहेर काढलं. समुद्रावर प्रेक्षक असा वेगळा कोणी नसतो. जो जवळ असेल तो एक तर अडथळा असतो, नाहीतर मदत.

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मी मामाबरोबर जाळं काढायला गेले होते. शर्यत वगैरे काही नव्हती. उत्तरेकडून एक पांढरं शीड आलं, एकटंच, आणि नीट आमच्या बावट्याच्या दिशेने. मामा उभा राहिला, वल्ह्याला शर्ट बांधून हलवायला लागला. मी मनात म्हणत होते, दिसू दे, दिसू दे. बोट वळली. बाहेरून वळसा घालून गेली. सुकाणूवरच्या माणसाने हात वर केला, मामानेही केला. नंतर हळूहळू शीड क्षितिजाखाली गेलं, आधी अंग, मग डोलकाठीचं टोक. फॉर्म्युल्यात सांगितलंय तसंच!

तेव्हा कधी कोणाच्या होडीतून शर्यत बघायला निघालात तर लाइफ जॅकेट घाला, घरी सांगून जा, तटरक्षक दलाचा 1554 नंबर मोबाईलमध्ये ठेवा, आणि पाण्यात बावटा दिसला तर त्याला लांबून वळसा घाला. तो मामाचा असू शकतो.

आणि निघायच्या आधी वारा कुठून येतोय ते बघा. मामा विचारणारच आहे.