इन्सुलिनला अडवणारा रस्ता

वर्ध्याला येऊन गोरसपाक न घेता परतणारा पाहुणा विरळाच. गाईच्या तुपातलं ते खुसखुशीत प्रकरण चहात बुडवलं, तोंडात टाकलं, संपलं. आपलं काम झालं. पण पोटाच्या मागच्या अंगाला आडव्या पडलेल्या स्वादुपिंडात धांदल सुरू होते ती आता. रक्तातली साखर चढू लागते आणि काही मिनिटांतच तिथल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडू लागतात.

काही मिनिटांत! एवढ्या वेळात इन्सुलिन तयारही होत नाही. त्याची साखळी विणायची, तिला घड्या घालायच्या, नको तो तुकडा छाटायचा, याला बराच वेळ लागतो. मग येतं कुठून? अहो, ते आधीच करून ठेवलेलं असतं.

एका बीटा पेशीची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. तिच्यात इन्सुलिनने भरलेल्या सुमारे १०,००० थैल्या. एकेका थैलीत साधारण २ लाख रेणू, जस्ताच्या अणूंभोवती सहा-सहाच्या गटाने बसून स्फटिक झालेले. गुणाकार करून पाहा. एका पेशीत २०० कोटी रेणू, आणि अशा पेशी आपल्याकडे कोट्यवधी! हा साठा एकदम सुटला तर साखर कोसळून माणूस गतप्राणच व्हायचा. पण जेवणानंतर दहा हजारांतल्या मोजक्याच थैल्या पेशीच्या पडद्याला भिडतात आणि बाहेरच्या बाजूला उघडतात. बाकीच्या तशाच आत. त्यांना आवरून कोण धरतं?

आधी या थैल्या हलतात कशा ते पाहू. पेशीच्या आत इतकी खचाखच गर्दी असते की एवढी मोठी थैली तरंगत तरंगत काठाला लागेल, ही आशाच सोडा. त्यासाठी पेशीत सूक्ष्मनलिकांचं जाळं असतं. नलिका पोकळ, प्रथिनाच्या बहुधा तेरा सरी शेजारी-शेजारी लागून बनलेली, जाडी जेमतेम २५ नॅनोमीटर. थैली तिच्या दहा-बारा पट जाड! या नलिकेवर थैली ओढत नेतं किनेसिन नावाचं प्रथिन. ते चक्क दोन पायांनी चालतं. एक पाय रोवलेला, दुसरा पुढे. दर पावलाला ८ नॅनोमीटर, दर पावलाला ऊर्जेचा एकच रेणू खर्च, आणि सेकंदाला शंभरेक पावलं. या हिशोबाने अख्खी पेशी ओलांडायला दहा-बारा सेकंद पुरेत. १९८५ साली माकूळ या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंवर काम करताना ते सापडलं, तोवर अशी काही वस्तू आपल्या अंगात चालत असते याचा पत्ताच नव्हता.

बरं, या नलिका खरोखर इन्सुलिनच्या कामी येतात, हे कळलं कशावरून? इथे एका विषाची गोष्ट आहे, आणि ते विष आपल्या ओळखीचं आहे.

श्रावण-भाद्रपदात विदर्भातल्या जंगलांच्या कडेला कळलावी फुलते. तिच्या पानाचं टोकच वेटोळं होऊन शेजारच्या फांदीला विळखा घालतं. पाकळ्या वर उलटलेल्या, कडा नागमोडी. आधी हिरवट-पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. जमिनीखाली दोन अंगांना फाकलेला कंद, आणि त्या कंदात कोल्चिसिन नावाचं जहाल विष. (घरगुती औषध म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका, जिवावर बेततं.) कळलावीच्याच कुळातल्या एका युरोपीय झाडात हेच विष असतं आणि संधिवाताच्या एका प्रकारावर अगदी थोड्या मात्रेत ते औषध म्हणून वापरतात.

१९६७ साली शिकागोमध्ये गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी केलेलं कोल्चिसिन पेशींत सोडलं आणि ते नेमकं कशाला चिकटतं ते पाहिलं. ते चिकटलं सूक्ष्मनलिका ज्यापासून बनतात त्याच प्रथिनाला, म्हणजे ट्युब्युलिनला. विषाने धरलेलं ट्युब्युलिन नलिकेत लागलं की नलिका वाढत नाही, मोडत जाते. पुढच्याच वर्षी सेंट लुइसला पॉल लेसी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या बीटा पेशींच्या पुंजक्यांना कोल्चिसिन दिलं, वर साखर दिली. इन्सुलिनचा स्राव घटला. निष्कर्ष उघड होता: रस्ता मोडला, माल अडकला.

फारच सरळ वाटतं ना? गंमत पुढेच आहे. त्यानंतरची कित्येक वर्षं प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. अखेर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात इरिना कावेरिना यांच्या गटाने नलिका मोडणारं दुसरं एक रसायन वापरलं आणि साखर दिली. नलिका मोडल्यावर इन्सुलिन घटायला हवं होतं. ते वाढलं, आणि भरपूर वाढलं!

हे कसं? बीटा पेशीतल्या नलिका मध्यापासून काठाकडे सरळ जातच नाहीत. त्यांची गुंतागुंतीची जाळी असते आणि तिच्यावर थैल्या कुठल्याही दिशेला जातात. कल्पना करा, हिंगणघाटला उतरवायचा मालडबा. तो हिंगणघाटला पोचतोही, पण रिकामा व्हायच्या आत त्याला पुन्हा सेवाग्रामला ओढलं जातं, तिथून पुलगावकडे, मग उलटा सिंदीकडे. रूळ आहेत म्हणूनच तो कुठे ठरत नाही. काठाशी आलेली थैली तशीच आत खेचली जाते. साखर वाढली की पेशी स्वतःच काठाजवळच्या नलिका मोडू लागते, थैल्या तिथे रेंगाळतात आणि उघडतात. त्याच वेळी नव्या नलिकाही उगवत असतात. बहुधा त्यामुळेच स्राव हाताबाहेर जात नाही.

म्हणजे लेसी चुकले? मला तसं वाटत नाही. नवा माल गोदामात यायला रस्ता लागतोच. ज्या उंदरांच्या बीटा पेशींतलं किनेसिन काढून टाकलं, त्यांना रक्तातली साखर सांभाळता आली नाही. त्यातून अलीकडे असंही दिसलंय की हे किनेसिन फक्त थैल्या ओढत नाही, ते नलिकाच सरकवून जाळ्याची मांडणी बदलतं. आणि मधुमेही उंदरांच्या बिघडलेल्या बीटा पेशींत नलिकांचं जाळं नेहमीपेक्षा दाट आढळतं. थैल्या असूनही बाहेर का पडत नाहीत, याचा हा एक धागा असू शकतो.

आता पेशीबाहेर पडलेल्या इन्सुलिनच्या मागे जाऊ. स्वादुपिंडातलं रक्त आधी यकृतात जातं, त्यामुळे इन्सुलिनचा पहिला मुक्काम तिथेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या पेशींतल्या चरबीच्या थेंबांवर काम केलं. २०१७ आणि २०१९ साली त्यांनी दाखवलं की जेवण झालेलं असताना हे थेंबही सूक्ष्मनलिकांवरून जातात, त्यांना ओढतं किनेसिनच, आणि किनेसिनला थेंबांवर चढायला लावतं इन्सुलिन! उपास असला की इन्सुलिन उतरतं, थेंबांवरचं किनेसिन कमी होतं आणि चरबी यकृतातच थांबते. ज्या इन्सुलिनच्या थैल्या किनेसिनने ओढल्या, तेच इन्सुलिन काही सेंटिमीटरवरच्या दुसऱ्या अवयवात जाऊन पुन्हा किनेसिनलाच कामाला लावतं.